वाढीच्या एकवीस जागा

सोमवारी, बारा तारखेला, दुपारच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने पत्र लिहून आणले. ते एका वाचनात समजले. अडचणीची सुरुवात इथून झाली.

मी प्रौढ भाषा केंद्रात लेखन-अभिप्राय शिक्षक आहे. श्रेणी दोन, तात्पुरता. आठ वर्षांपासून तात्पुरता. परमुलखातून पोटासाठी आलेली माणसे आपापली कामे आटोपून आमच्याकडे येतात, अंगापेक्षा लहान बाकांवर गुडघे दुमडून बसतात आणि इथली भाषा लिहायला शिकतात. ती लिहितात, मी अभिप्राय देतो. पूर्वी या कामाला तपासणे म्हणत. आता म्हणत नाहीत. तपासणे हे पोलिसांचे काम आहे, असे धोरणात स्पष्ट केले आहे.

ही विद्यार्थिनी कपडे दुरुस्त करणाऱ्या दुकानात शिवणकाम करते. दुकानातून थेट वर्गात येते, त्यामुळे कॉलरला पाच-सहा टाचण्या तशाच टोचलेल्या असतात. वर्गाने तिचे नाव टाचणीबाई ठेवले आहे. बोलायला ती चुरचुरीत आहे, भाषा गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून शिकलेली. पण कागद पुढे आला की तिचा हात आखडतो.

पत्र असे होते:

*साहेब नमस्कार. मी कपडे दुकानात काम करतो, शिलाई. माझा मुलगी अकरा वर्ष, माझी बहीण घरी राहतो, तिकडे. बहीण लग्न झाला, आता ती लांब जाते. मग मुलगी कोणाजवळ? इकडे माझी खोली आहे, पलंग दोन आहे, एक रिकामा. एकोणीस तारखेला ती बारा होतो. नियम मला माहीत. त्याच्या आधी तुम्ही हो बोला. मला माझी मुलगी इकडे पाहिजे.*

पत्र कुटुंब-परवाना कार्यालयासाठी होते. नियम असा आहे की, बाहेरून आलेल्या आईला बारा वर्षांखालचे मूल साध्या अर्जावर आणता येते. बारा पूर्ण झाली की तेच मूल ‘इतर नातेवाईक’ होते, आणि इतर नातेवाइकांची रांग सध्या आठ वर्षांची आहे. तोवर मुलाला आईची गरज उरत नाही आणि प्रकरण आपोआप निकाली निघते. पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला टाचणीबाईंची मुलगी इतर नातेवाईक होणार होती.

अर्ज इथल्याच भाषेत, स्वतःच्या हस्ताक्षरात हवा, आणि त्यावर आमच्या केंद्राचा ‘अभिप्राय-प्रक्रिया पूर्ण’ असा शिक्का हवा. शिक्क्याची अट सात वर्षांपूर्वी आली. कार्यालयातल्या एका कारकुनाला मोडकी भाषा वाचून अर्धशिशी होऊ लागली होती. तो कारकून निवृत्त झाला. अट अजून सेवेत आहे.

“समजलं?” टाचणीबाईंनी विचारले.

“समजलं.”

“मग मारा शिक्का.”

“अहो बाई, शिक्का असा मारत नाहीत. आधी अभिप्राय.”

“द्या की. मी बसते.”

मी पत्रातल्या वाढीच्या जागा मोजल्या. एकवीस भरल्या.

खुलासा करणे आवश्यक आहे. आमच्याकडे चुका होत नाहीत. चूक या शब्दाने शिकणाऱ्याचे मन दुखावते, म्हणून गेल्या वर्षीपासून चुकांना ‘वाढीच्या जागा’ म्हणतात. हे धोरण केंद्राच्या समन्वयकाने आणले. तो कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला गेला होता, आणि परत आला तेव्हा त्याच्या गळ्यात ओळखपत्राची फीत होती. ती त्याने अजून काढलेली नाही. त्याने प्रथम लाल शाई बंद केली, कारण लाल रंग रक्ताचा. मग हिरवी बंद केली, कारण हिरव्याने खोटी आशा लागते. निळ्या शाईत तर विद्यार्थी स्वतःच लिहितात, तेव्हा अभिप्राय कुठला आणि पत्र कुठले हे कळेना. शेवटी सर्वांत फिकट पेन्सिल मंजूर झाली. मी दिलेला अभिप्राय वाचायला विद्यार्थी खिडकीपाशी जाऊन कागद उजेडात तिरका धरतात. दुपारी चार वाजता माझा वर्ग एक्स-रे विभागासारखा दिसतो.

[इथे अतिशयोक्ती होत आहे. फक्त दोन खिडक्या आहेत.]

बरोबर काय ते सांगायचे नाही, हा दुसरा नियम. सांगितले तर शोधाचा आनंद जातो. जागेखाली रेघ ओढायची आणि समासात क्रमांक द्यायचा. क्रमांक चौसष्ट आहेत. त्यांची यादी विद्यार्थ्यांना देत नाहीत, कारण यादी दिली की सांगितल्यासारखेच होते. एका वेळी तीनच जागा दाखवायच्या, जास्त दाखवल्या तर पचत नाहीत. अभिप्राय पचायला सात दिवस लागतात, म्हणून पुढचा मसुदा सात दिवसांनी. आणि आधी दोन चांगल्या गोष्टी, मग त्या तीन जागा, मग पुन्हा एक चांगली गोष्ट.

एकवीस जागा, आठवड्याला तीन. सात आठवडे. एकोणिसावी तारीख पाच आठवडे तीन दिवसांवर होती.

“माझा हिशेब चुकतोय का?” टाचणीबाई म्हणाल्या.

“नाही. पण तसं थेट सांगायची मला परवानगी नाही.”

मी लिहिले: *‘नमस्कार’ योग्य ठिकाणी आला आहे. कागद स्वच्छ आहे. ७, १९, ४१. पेनाचा दाब एकसारखा आहे.* त्यांनी कागद उजेडात धरला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा कागदाकडे पाहिले.

“सर, आमच्या दुकानात गिऱ्हाईक पँट घेऊन येतं. म्हणतं, लांब झाली. आम्ही खडूची खूण करतो, कापतो, दुमडतो, टीप मारतो, संध्याकाळी हातात देतो. आम्ही असं म्हणत नाही की, साहेब कापड झकास आहे, बटणं जागेवर आहेत, पायाकडे एकदा बघा, काय वाटतंय?”

“पण मग गिऱ्हाईक शिवायला शिकत नाही.”

“त्याला शिवायचं कुठे असतं? त्याला चालायचं असतं.”

मी पुढच्या मसुद्याची तारीख नोंदवहीत टाकली.

*

दुसऱ्या सोमवारी त्या दुसरा मसुदा घेऊन आल्या. त्यात बहीण नव्हती.

“बहीण कुठे गेली?”

“तुम्ही तिच्या लग्नाखाली रेघ मारली होती ना. मी रात्रभर विचार केला. म्हटलं, सरांना परक्या ठिकाणी बसून कसं कळलं? मलाही तो माणूस पहिल्यापासून पटला नव्हता. पण झालं लग्न, आता काय करायचं? म्हणून काढून टाकलं.”

“अहो, लग्नाबद्दल नव्हतं ते. वाक्याबद्दल होतं.”

“वाक्यात काय?”

“ते तुम्ही शोधायचं.”

“म्हणजे लग्न ठीक आहे?”

बहिणीचे लग्न ठीक आहे की नाही हे मला माहीत नव्हते. पण बहीण गेल्याबरोबर वाढीच्या पाच जागाही गेल्या होत्या, हे मी नोंदवहीत लिहिले. मुलगी एकटी का पडणार, याचे कारणही बहिणीबरोबर गेले. त्यासाठी नोंदवहीत रकाना नाही.

माझी बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. जेवताना मी तिला हा प्रकार सांगितला.

“अहो, मी दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचते,” ती म्हणाली. “मुंग्या शाईत बुडून कागदावर चालल्यासारखं. चुकीचं वाचलं तर माणूस जाईल. मी काय त्यांना सात दिवसांनी परत लिहून आणा म्हणते? सरळ फोन लावते, ‘काय द्यायचंय?’ विचारते, आणि देते. ती बाई समोर बसलीये. विचारा ना तिला, काय पाहिजे.”

“मला माहीत आहे काय पाहिजे.”

“मग?”

“तुझा प्रश्न चांगला आहे. आवाजही स्पष्ट आहे. फक्त एका ठिकाणी—”

“ताट उचला,” ती म्हणाली.

तिसऱ्या सोमवारी पत्रातून एकोणीस तारीख गेली. ‘ती बारा होतो’ याखाली रेघ होती. टाचणीबाईंनी ‘बारा’चे ‘तेरा’ करून पाहिले, मग ‘अकरा’ करून पाहिले. वय बदलून काही सुटेना, तेव्हा वाक्यच काढले. आठ जागा उरल्या. माझ्या वर्गातल्या वाढीच्या जागांचा आलेख असा काही घसरला की, संचालिकाबाई स्वतः तो पाहायला आल्या. केंद्र चालवणाऱ्या या बाई सहसा वर्गात येत नाहीत. खुर्च्या लहान आहेत.

“एकवीसवरून आठ! दोन आठवड्यांत!” त्या टाचणीबाईंना म्हणाल्या. “कसं वाटतंय?”

“पत्र हलकं झालं,” टाचणीबाई म्हणाल्या.

“बघा,” संचालिकाबाई समन्वयकाकडे वळल्या, “ओझं उतरल्याची भावना. हे अहवालात घ्या.”

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी जिन्याजवळ टाचणीबाईंना गाठले आणि हळूच म्हणालो, “तारीख परत घाला. ‘होतो’च्या जागी ‘होते’ लिहा. बस, एवढंच आहे.”

त्या जिन्यातच थांबल्या. “एवढंच?”

“एवढंच.”

“मग दोन आठवडे तुम्ही काय लपवत होता?”

मागून एक विद्यार्थी येत होता. रात्रपाळीचा पहारेकरी, भला माणूस. त्याने ऐकले, त्याला आनंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने सूचनापेटीत चिठ्ठी टाकली: *सर फार चांगले. जिन्यात थेट सांगतात. आम्हाला पण सांगावे.* कृतज्ञतेइतका पक्का पुरावा दुसरा नसतो. मला संध्याकाळी बोलावणे आले.

मला अभिप्राय देण्यात आला. फिकट पेन्सिलीत होता, मी खिडकीपाशी गेलो. *आपण जिन्यात डाव्या बाजूने उभे होता. आवाज मृदू होता. ३, ४४, ५८. बुटांना पॉलिश आहे.* अठ्ठावन्न म्हणजे काय, असे मी समन्वयकाला विचारले. तो प्रेमाने हसला. म्हणाला, “तुम्हाला काय वाटतं?”

मला वाटले की अठ्ठावन्न म्हणजे मला कायम करण्याची फाईल. ती आठ वर्षे संचालिकाबाईंच्या टेबलावर आहे आणि तिच्यावर त्या चहाचा कप ठेवतात. मी पुन्हा जिन्यात काही बोललो नाही. तारीखही पुन्हा पत्रात आली नाही. मी खरे सांगितले की मुद्दाम चुकीचे सांगितले, हे टाचणीबाईंना ठरवता येईना. इतके दिवस न सांगणारा माणूस एकाएकी सांगतो, म्हणजे त्यात काहीतरी डाव असणार.

[सूर कडवट होत आहे. सौम्य करावा. करतो.]

समन्वयक मनाने वाईट माणूस नाही. त्याच्या अभिप्रायावरही अभिप्राय येतो, दर शुक्रवारी, वरून. एकदा मी त्याला जिन्यावरच्या खिडकीशी एकटाच उभा पाहिला. कागद तिरका धरला होता आणि ओठ हलत होते. ते पाहून त्याच्याबद्दल जे वाटले ते फार वेळ टिकले नाही, कारण त्याच आठवड्यात त्याने शब्दपेढी आणली.

शब्दपेढी म्हणजे तयार वाक्यांची पुस्तिका. ज्या वाक्यांत वाढीची एकही जागा नाही, अशी वाक्ये. ‘आपल्या मौल्यवान वेळातून.’ ‘आपली ऋणी आहे.’ ‘शक्य झाल्यास, आपल्या सवडीने.’ ‘योग्य तो विचार व्हावा.’ विद्यार्थ्याने स्वतःचे वाक्य काढून पेढीतले ठेवले की ती जागा आपोआप भरते. चौथ्या मसुद्यात टाचणीबाईंनी ‘त्याच्या आधी तुम्ही हो बोला’ काढून ‘शक्य झाल्यास, आपल्या सवडीने’ घातले. पत्रात प्रथमच मखमल आली. उरलेल्या जागा तीन.

“सवडीने म्हणजे काय हो?” त्यांनी विचारले.

“म्हणजे... वेळ मिळेल तेव्हा.”

“त्यांना? की मला?”

“त्यांना.”

“माझ्याकडे सतरा दिवस आहेत.”

“हो.”

“तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना, मला काय पाहिजे ते?”

“कळलं होतं.”

“मग?”

“कळणं हा लेखनाचा निकष नाही,” मी म्हणालो. हे वाक्य माझे नाही, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे. पण ते माझ्या तोंडून इतके सहज निघाले की मला स्वतःला पॉलिश झाल्यासारखे वाटले.

*

पाचवा मसुदा नऊ तारखेचा. तो मी घरी नेला, दिव्याखाली धरला. बायको मागून वाचत होती.

पत्रात बरेच काही उरले नव्हते. पण शेवटी, पेढीतल्या वाक्यांच्या रांगेत, एक वाक्य टाचणीबाईंचे होते: *मला माझ्या मुलीला इकडे आणायचे आहे.* हे त्यांनी दुकानातल्या एका गिऱ्हाईक आजीबाईंकडून पाठ करून घेतले होते. आजीबाईंचा स्कर्ट फुकट अर्धी वीत लांब करून दिला, बदल्यात वाक्य घेतले. अक्षर न अक्षर बरोबर. संपूर्ण पत्रात वाढीची एकही जागा नाही.

“झालं की,” बायको म्हणाली. “मारा शिक्का.”

मलाही तसेच वाटले. मी दुसऱ्या दिवशी प्रपत्र भरायला घेतले आणि तिथे अडलो. प्रपत्रात ‘दाखवलेल्या जागा’ असा रकाना आहे आणि त्याखाली छापलेले आहे: किमान तीन. शून्य लिहिले की संगणक पुढे जात नाही. अभिप्राय दिल्याशिवाय अभिप्राय-प्रक्रिया पूर्ण होत नाही. पूर्ण झाल्याशिवाय शिक्का नाही. सहा दिवस मी संचालिकाबाईंच्या खोलीत विनंत्या करत होतो. सोळा तारखेला समन्वयक माझ्या शेजारी येऊन बसला.

“चूक नसली तरी वाढ थांबत नाही,” तो म्हणाला. “शोधू या. हे बघा, ‘मला माझ्या’. दोनदा स्वतःचाच उल्लेख. आत्मकेंद्री. एक झाली.”

“पण मुलगी तिचीच आहे.”

“असू दे ना. ‘आणायचे आहे’ यात निश्चय फार आहे, वाचणाऱ्यावर दडपण येतं. दोन. आणि ‘इकडे’. पेढीत ‘इकडे’ नाहीच. तीन! अरे वा, एकाच वाक्यात आटोपलं. बाकी पत्राला हातसुद्धा लागला नाही.”

पेन्सिल माझ्या हातात होती. रेघ मी ओढली. फिकट ओढली, एवढे नमूद करतो.

टाचणीबाईंना मी कागद दिला तेव्हा त्या खिडकीपाशी गेल्याच नाहीत. जागेवरच बोट फिरवून त्यांनी रेघ चाचपली. कापडावरची शिवण चाचपावी तशी.

“हे पण?” त्या म्हणाल्या. “हे तर विकत घेतलं होतं.”

तारीख जवळ आली म्हणून त्यांना ‘जलद अभिप्राय’ मंजूर झाला. सात दिवसांऐवजी एक रात्र. सतरा तारखेला सहावा मसुदा आला:

*माननीय महोदय, सप्रेम नमस्कार. आपल्या मौल्यवान वेळातून आपण हे पत्र वाचत आहात, याबद्दल मी आपली ऋणी आहे. मी शिवणकाम करते. माझी खोली हवेशीर आहे. खोलीत दोन पलंग आहेत. मुली मला आवडतात. शक्य झाल्यास, आपल्या सवडीने, योग्य तो विचार व्हावा. आपली विश्वासू.*

‘मुली मला आवडतात’ हे सराव-पुस्तकाच्या बाराव्या पानावर छापलेले वाक्य आहे. छापलेल्याखाली कोण रेघ मारणार, असा टाचणीबाईंचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता. कोणी मारली नाही.

मी पत्र दोनदा वाचले. निर्दोष होते. मी शिक्का मारला, संचालिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या, समन्वयकाने फोटो काढला. त्यात काय नाही, ते मला दिसले नाही. हे मी बचावासाठी लिहीत नाही. आठ वर्षांत मी पत्रे वाचायची सोडली होती. फक्त जागा वाचत होतो, आणि जागा नव्हत्या.

*

अर्ज अठराला दुपारी कार्यालयाच्या खिडकीवर दाखल झाला. पोच मिळाली. अकरा दिवसांनी उत्तर आले:

*आपले पत्र मिळाले. भाषाशैली अत्यंत सुबोध असून कार्यालयातील सर्वांनी ती वाखाणली. हवेशीर जागेत मुलींसाठी वसतिगृह चालविण्याचा आपला मानस स्तुत्य आहे. तथापि, वसतिगृहासाठी किमान वीस खाटा आवश्यक असल्याने दोन खाटांवर परवाना देता येत नाही. उर्वरित अठरा खाटांची व्यवस्था झाल्यावर, आपल्या सवडीने, पुन्हा अर्ज करावा.*

ताकाला जाऊन भांडे लपवू नये म्हणतात. आम्ही पाच आठवडे बसून भांडे इतके बेमालूम लपवले, की देणाऱ्याला वाटले ही बाई ताक विकायलाच आली आहे.

टाचणीबाई उत्तर घेऊन वर्गात आल्या. त्यांनी ते टेबलावर ठेवले, बोटाने माझ्याकडे सरकवले आणि विचारले, “सर, यात चूक कुठे आहे?”

मी उत्तर पुन्हा वाचले. आणि माझ्या तोंडून निघाले, “कुठेही नाही.”

“तेच म्हटलं,” त्या म्हणाल्या, आणि आपल्या बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवशी निबंधाचा विषय ‘माझा आवडता ऋतू’ होता. त्यांनी कोरा कागद दिला. समन्वयकाने आलेखावर शून्य मांडले आणि त्याभोवती चांदणी काढली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून कुटुंब-परवाना कार्यालयात गेलो. खिडकीवरचा कारकून साधा माणूस निघाला. त्याने नियमांचे बाड काढले, थुंकी लावून पाने उलटली आणि म्हणाला, “अपील आहे की. तीस दिवसांत. मान्य झालं तर अर्जाची तारीख अठराच धरतात. म्हणजे पोरगी अकराचीच राहते.”

“काय लागतं?”

“दोन सह्या. ज्यांची ही मायबोली आहे अशा दोन माणसांच्या. त्यांनी हकीकत वाचायची आणि लिहून द्यायचं, की अर्जदाराला काय हवंय ते आम्हाला समजलं. बस.”

“मी करतो सही.”

“तुम्ही शिक्का मारलात. तुम्ही प्रक्रियेत आलात. प्रक्रियेतला माणूस चालत नाही. बाहेरचा पाहिजे. कोणीही. वाचणारा.”

म्हणून मी ही हकीकत लिहिली. अपिलासोबत जोडायला. टाचणीबाईंनी ऐकली, दोन ठिकाणी हसल्या आणि म्हणाल्या, “सर, सगळं आलं. पण लोक वाचतील की तपासतील?”

“वाचतील हो,” मी म्हणालो.

पहिली सही बायकोने केली. तिने शेवटचे पानसुद्धा वाचले नाही. “मला त्या दिवशी जेवतानाच समजलं होतं,” म्हणाली, “पेन द्या.”

दुसऱ्या सहीसाठी मी हे कागद केंद्राच्या शिक्षक-खोलीत ठेवले. चार दिवसांनी परत घेतले. सगळ्यांनी मन लावून वाचले होते. एकाने लिहिले होते, ‘ओघवती शैली.’ एकीने, ‘बायकोचे पात्र छान उतरले आहे, आणखी हवे होते.’ कोणी लिहिले, ‘मध्ये किंचित रेंगाळते.’ कोणी, ‘समन्वयकावर अन्याय.’ त्याखाली समन्वयकाचा फिकट अभिप्राय होता: *उपरोध योग्य ठिकाणी आहे. कागद स्वच्छ आहे. २२, ४१, ६०. शेवट परिणामकारक होऊ शकेल.* सही कोणी केली नव्हती. विचारले तर म्हणाले, “अरे, ते सहीसाठी होतं होय? आम्हाला वाटलं, वाचायला दिलंय.”

मग शेजाऱ्यांना दिले. मग बायकोच्या दुकानात येणाऱ्यांना दिले. लोक काउंटरवर उभे राहून वाचत, खुदकन हसत, “भारी लिहिलंय,” म्हणत आणि खोकल्याचे औषध घेऊन जात.

आज एकोणतिसावा दिवस आहे. कागद तुमच्यासमोर आहेत. मायबोली तुमचीच आहे, नाहीतर इथवर आला नसता. अर्जदाराला काय हवे आहे, ते तुम्हाला समजले आहे, हेही मला ठाऊक आहे. न समजण्यासारखे त्यात कधीच काही नव्हते. खाली दोन रेघा आहेत. कार्यालयाची खिडकी उद्या साडेपाचला बंद होते.

*अर्जदाराला काय हवे आहे, ते आम्हाला समजले.*

*१. (सही) औषध दुकान, काउंटर क्रमांक दोन*

*२. ______________*

पेन जवळ नाही, असे मात्र सांगू नका. वाचता वाचता माझी दोन-तीन वाक्ये तुम्ही मनातल्या मनात नीट करून घेतलीत, ती कशाने केलीत?